तअस्सुब : शब्द आपला, बोट दुसऱ्याकडे

आपल्या घरांत ‘तअस्सुब’ हा शब्द सर्वांच्या तोंडी असतो, पण त्याचा अर्थ सहसा कोणी विचारत नाही. मुलाला नोकरीच्या मुलाखतीत नाकारले, तअस्सुब. बातमीत आपल्या मोहल्ल्याचे नाव वाईट अर्थाने आले, तअस्सुब. दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाईकाशी गोड बोलला आणि आपल्याशी तुसडेपणाने वागला, तोही तअस्सुब. कधी हे म्हणणे खरे असते, कधी अर्धे खरे, तर कधी नुसता राग असतो. पण एक गोष्ट जवळजवळ प्रत्येक वेळी सारखी असते. हा शब्द आपण दुसऱ्याबद्दल वापरतो. “त्यांच्यात फार तअस्सुब आहे” हे वाक्य आम्ही शेकडो वेळा ऐकले आहे. “आपल्यात तअस्सुब आहे” हे वाक्य क्वचितच कानावर आले.

म्हणून या महिन्यात या एका शब्दाचा अर्थ, त्याचे मूळ आणि त्याचा योग्य वापर समजून घेऊ. शब्द नीट कळला तर तक्रार नेमकी करता येते, आणि स्वतःकडे पाहायलाही तोच शब्द कामी येतो.

शब्दाचे मूळ

तअस्सुब हा अरबी शब्द आहे. बोलताना आपण ‘तास्सुब’ म्हणतो, पण लिहिताना त्यातला ‘ऐन’ लक्षात ठेवून तअस्सुब असे लिहावे. ज्याच्यात तअस्सुब आहे तो ‘मुतअस्सिब’. याचे मूळ ऐन-साद-बे या तीन अक्षरांत आहे आणि त्याचा मूळ अर्थ बांधणे, घट्ट गुंडाळणे असा आहे. शरीराला बांधून ठेवणारे स्नायुबंध आणि नसा यांना अरबीत ‘असब’ म्हणतात. हकिमांच्या औषधाच्या बाटलीवर ‘आसाबी कमजोरी’ असे लिहिलेले असते, तेथे हाच शब्द आहे. डोक्याला गुंडाळायच्या पट्टीला ‘इसाबा’ म्हणतात. वारसाहक्काच्या मसल्यांत ‘असबा’ हा शब्द येतो. कुरआनने ठरवून दिलेले हिस्से वाटून झाल्यावर उरलेली मालमत्ता ज्यांच्याकडे जाते ते मुलगा, बाप, भाऊ असे बापाच्या बाजूचे नातेवाईक म्हणजे असबा. माणूस त्यांच्याशी रक्ताने बांधलेला असतो.

याच मुळापासून ‘उस्बा’ म्हणजे एकमेकांना बांधलेला गट. पवित्र कुरआनात हा शब्द आला आहे. सूरह यूसुफमध्ये हजरत यूसुफ (अ.) यांचे भाऊ, आम्ही तर एक भक्कम गट आहोत, असे म्हणतात. तोच गट पुढे आपल्या धाकट्या भावाला विहिरीत टाकतो. सूरह नूरमध्ये हजरत आयशा (रजि.) यांच्यावर खोटा आळ घेणाऱ्यांसाठी हाच शब्द आहे, आणि हा गट तुमच्यातलाच आहे असे तेथे मुसलमानांना सांगितले आहे. सूरह कससमध्ये कारूनच्या खजिन्याच्या किल्ल्या उचलणाऱ्या बलवान माणसांच्या टोळीलाही उस्बा म्हटले आहे, तेथे दोष काही नाही. म्हणजे बांधलेले असणे हे स्वतः वाईट नाही. त्या बंधाच्या जोरावर आपण काय करतो, यावर सगळे अवलंबून आहे.

थोर इतिहासकार इब्ने खल्दून यांनी १३७७ मध्ये लिहिलेल्या ‘मुकद्दिमा’ या ग्रंथात ‘असबियत’ हा शब्द याच व्यापक अर्थाने वापरला. टोळीतील माणसे एकमेकांसाठी उभी राहतात म्हणून राज्ये उभी राहतात आणि ती ओढ सैल झाली की राज्ये ढासळतात, असा त्यांच्या विवेचनाचा गाभा आहे. इतिहासकाराने ताकदीचा हिशोब मांडला. दीनने मात्र त्या ताकदीला हद्द घालून दिली.

दीनने घातलेली हद्द

ही हद्द कोठे आहे, हे हदीसमध्ये अगदी सरळ शब्दांत आले आहे. माणसाने आपल्या कौमवर प्रेम करणे ही असबियत आहे का, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांना विचारण्यात आले. उत्तराचा आशय असा की, नाही. माणसाने जुलमाच्या कामात आपल्या कौमला मदत करणे ही असबियत. अबू दाऊद आणि इब्ने माजा यांच्या संग्रहांत या आशयाच्या हदीस आहेत.

आमच्या मते तअस्सुबची याहून नेमकी व्याख्या कोणत्याही शब्दकोशात सापडणार नाही. आपल्या माणसांवर माया असावी. आपल्या भाषेचा, गावाचा, घराण्याचा अभिमान असावा. त्यात काही गैर नाही. पण आपला माणूस चुकला आहे हे दिसत असूनही तो ‘आपला’ आहे म्हणून त्याच्या बाजूने उभे राहिलो, की माया संपली आणि तअस्सुब सुरू झाला.

बनू मुस्तलिकच्या मोहिमेवेळची घटना अनेकांनी ऐकली असेल. एका मुहाजिराने एका अन्सारीला लाथ मारली. एकाने अन्सारांना हाक दिली, दुसऱ्याने मुहाजिरांना. प्रेषितांनी (स.) ही अज्ञानकाळाची हाक येथे कशी, असे विचारले आणि तिला दुर्गंधी येते, ती सोडून द्या, असे सांगितले. मुहाजिर आणि अन्सार ही नावे साधी नाहीत. कुरआनने गौरवलेली नावे आहेत. तरीही भांडणात बाजू घेण्यासाठी ती पुकारली गेली, तेव्हा त्या हाकेला दुर्गंधी आली. नाव कितीही पवित्र असले तरी त्याच्या आडून केलेली अन्यायाची पाठराखण पवित्र होत नाही.

दुसरी घटना मुलांना जरूर सांगावी. सूरह निसाच्या १०५ व्या आयतीपासून पुढच्या आयतींच्या संदर्भात तफ्सीरकारांनी ती दिली आहे. कथनांत तपशिलाचा फरक आहे, पण प्रसिद्ध कथन असे की, मदीन्यात बनू जफर घराण्याच्या तुअमा बिन उबैरिक नावाच्या माणसाने एक चिलखत चोरले आणि ते एका यहुदी माणसाकडे ठेवले. चिलखत पिठाच्या पिशवीत होते आणि पिशवीला भोक होते, म्हणून वाटेवर सांडलेल्या पिठाचा माग निघाला. चिलखत यहुद्याच्या घरी सापडले. तुअमाच्या घराण्याची माणसे एकत्र आली आणि आपल्या माणसाला वाचवण्यासाठी प्रेषितांकडे (स.) गेली. एकीकडे मुसलमान म्हणवणारा, मोठ्या घराण्याचा माणूस. दुसरीकडे परक्या धर्माचा, एकटा. वरवर पुरावाही त्याच्याच विरुद्ध. अशा वेळी आयती उतरल्या आणि विश्वासघात करणाऱ्यांची वकिली करू नका, असा आदेश आला. निरपराध यहुदी निर्दोष ठरला. आपल्या माणसाचा गुन्हा झाकून परक्यावर आळ घेऊ नये, हा धडा कुरआनात कायमचा नोंदला गेला. पुढे याच सूरहच्या १३५ व्या आयतीत न्यायाची साक्ष स्वतःविरुद्ध, आईबापांविरुद्ध, नातेवाइकांविरुद्ध द्यावी लागली तरी द्या, असे फर्मावले आहे. आणि सूरह माइदाच्या आठव्या आयतीत एखाद्या समाजाच्या वैरामुळेसुद्धा न्याय सोडू नका, असे सांगितले आहे.

या दोन आयती एकत्र वाचल्या की तअस्सुबच्या दोन्ही बाजू बंद होतात. प्रेमापोटी अन्याय नको आणि द्वेषापोटीही नको.

मराठीत काय म्हणावे?

आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. तअस्सुबला मराठीत काय म्हणायचे, असा प्रश्न मुले विचारतात. सगळ्यात जवळचा शब्द ‘पूर्वग्रह’. पूर्व म्हणजे आधी, ग्रह म्हणजे मनाने धरलेला समज. ‘माझा असा ग्रह झाला’ असे आपण म्हणतोच. आग्रह, दुराग्रह ही त्याचीच भावंडे. माणूस भेटण्याआधी, गोष्ट तपासण्याआधी मनात धरून ठेवलेला समज तो पूर्वग्रह.

दोन्ही शब्द शेजारी ठेवले की फरक दिसतो. पूर्वग्रहात चूक वेळेची आहे, माहिती येण्याआधीच निकाल लागला. तअस्सुबात चूक बंधाची आहे, माहिती आली तरी गाठ सुटत नाही. म्हणून पूर्वग्रह पुष्कळदा ओळखीने जातो. तअस्सुब घालवायला ओळखीबरोबर न्यायाची हिंमतही लागते.

मराठीत आणखीही शब्द आहेत. ‘पक्षपात’ म्हणजे एका बाजूकडे झुकणे, उर्दूत तरफदारी किंवा जानिबदारी. ‘दुजाभाव’ म्हणजे आपला आणि दुसरा असा फरक करणे. ‘अढी’ म्हणजे मनात बसलेली तेढ. ‘आकस’ हा तर आपण अस्सल मराठी समजतो, पण तो अरबी ‘अक्स’वरून आला, असे कोशकार सांगतात. अक्स म्हणजे उलट, विरुद्ध. उर्दूत तो शब्द प्रतिबिंबासाठी राहिला आणि मराठीत मनातल्या वैरासाठी.

याहून विचार करायला लावणारा शब्द ‘गैर’. अरबीत गैर म्हणजे दुसरा, वेगळा, एवढेच. मराठीत आल्यावर त्याचा अर्थ अयोग्य, चुकीचे असा झाला. मघाशी आम्हीच लिहिले की ‘त्यात काही गैर नाही’. जो वेगळा, तो चुकीचा, असा प्रवास एका शब्दाने केला. माणसाचे मनही बरेचदा हाच प्रवास करते.

वर्तमानपत्रे ‘जातीय दंगल’ असे छापतात, तेव्हा धर्मावरून झालेल्या दंगलीविषयी लिहिलेले असते. उर्दूत त्याला फिरकावाराना फसाद म्हणतात. मराठीत ‘जातीय’ हा शब्द जातीलाही चालतो आणि धर्मालाही. विद्यार्थ्यांनी निबंध लिहिताना जातीविषयी लिहायचे असेल तर जात आणि धर्माविषयी लिहायचे असेल तर धार्मिक तेढ असे स्पष्ट लिहावे.

‘कट्टर’ आणि ‘पक्का’

आपल्या तरुणांच्या मनात एक गोंधळ असतो, तो येथे दूर केला पाहिजे. पाच वेळची नमाज पढणारा, हलाल-हराम पाळणारा, दाढी ठेवणारा माणूस ‘कट्टर’ आहे, असे कोणी सहज म्हणून जाते. दुसरीकडे आपलीच काही मुले ‘मी कट्टर आहे’ असे अभिमानाने सांगतात. दोघांचीही गल्लत एकच आहे. आपल्या दीनवर कायम राहण्याला इस्तिकामत म्हणतात. मराठीत त्याला निष्ठा म्हणावे, बोलीत पक्केपणा म्हणावे. निष्ठा स्वतःच्या वागण्याला शिस्त लावते. तअस्सुब दुसऱ्याच्या हक्कावर हात टाकतो. निष्ठावान माणूस शेजाऱ्याच्या आजारपणात डबा घेऊन जातो आणि नमाजची वेळ झाली की उठून नमाज पढतो. मुतअस्सिब माणूस कदाचित नमाजही चुकवत असेल, पण शेजाऱ्याविषयी वाईट बोलायला कधी चुकत नाही.

निकाल आधी, तपास नंतर

पूर्वग्रह मनात राहिला तर तो माणसाचे स्वतःचे नुकसान करतो. तो खुर्चीवर बसला, वर्दीत शिरला, कायद्यात लिहिला गेला, की दुसऱ्यांची आयुष्ये जातात. महाराष्ट्रातली दोन उदाहरणे पाहू.

८ सप्टेंबर २००६, शुक्रवार, शब-ए-बरातचा दिवस. मालेगावात जुमाच्या नमाजनंतर बडा कब्रस्तानच्या परिसरात बॉम्बस्फोट झाले. मेलेल्यांत बहुतेक मुसलमानच होते. पुढे या प्रकरणात अटक झालेले नऊ जणही मुसलमान होते. त्यांतील बहुतेकांना जामीन मिळायला २०११ चे वर्ष उजाडले, आणि एप्रिल २०१६ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. त्यांतील एक जण तोवर या जगात राहिला नव्हता. मालेगावचे नाव निघाले की आजही आपल्या घरांत सुस्कारा ऐकू येतो. संशयाला नाव-गाव आधीच ठरलेले असले की काय होते, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

आता दुसरे उदाहरण, आपल्या यवतमाळ आणि शेजारच्या अमरावती जिल्ह्यांतले. फासेपारधी. फास लावून पाखरे, जनावरे धरणारे म्हणून हे नाव. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे अशा अनेक जमातींवर जन्मापासून गुन्हेगारीचा शिक्का बसला. माणसाने काही केले की नाही हा प्रश्नच नव्हता, तो कोणाच्या पोटी जन्मला एवढे पुरे होते. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला. त्या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. पण कागदावरचा शिक्का पुसला तरी लोकांच्या जिभेवरचा पुसला नाही. अगदी ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की, तुरुंगांच्या नियमांमध्ये जातीप्रमाणे कामे वाटणे आणि विमुक्त जमातींच्या लोकांना सवयीचे गुन्हेगार समजणे संविधानाविरुद्ध आहे. ७२ वर्षे लोटल्यानंतरही तसे लिहिलेले नियम शिल्लक होते.

आता प्रश्न आपल्याला. गावात चोरी झाली आणि वेशीबाहेर पारध्यांचा मुक्काम असला, तर आपल्या ओट्यावर पहिले वाक्य कोणते निघते? मालेगावच्या वेळी जे वाक्य ऐकून आपल्याला वेदना झाल्या, त्याच घडणीचे वाक्य आपण पारध्यांसाठी बोलतो का? याचे उत्तर आम्हाला लिहून कळवायची गरज नाही. ज्याने त्याने आपल्या मनात द्यावे.

आमच्या मुकुटबनच्या भागात याची परीक्षा रोजच होते. झरी-जामणी हा तालुका अगदी तेलंगणाच्या सीमेवरचा. येथे मराठी बोलतात, तेलुगू बोलतात, गोंडी आणि कोलामी बोलतात, आणि आपल्या घरांत उर्दू. सिमेंटचा कारखाना आल्यापासून बाहेरच्या राज्यांची माणसेही वाढली. कोलाम लोक आपल्या ‘पोडां’वर राहतात. महाराष्ट्रात ज्या तीन जमातींना आदिम जमाती म्हणून सरकारने नोंदले आहे, त्यांत कातकरी आणि माडिया गोंड यांच्याबरोबर कोलाम आहेत. या सर्वांविषयी सगळ्यांच्या मनात काही ना काही ठरलेले असते. कोलाम असे, तेलुगूवाले तसे, बाहेरून आलेले अमुक, आणि मुसलमान तमुक. शेवटच्या वाक्याचा आपल्याला राग येतो. पहिली तीन मात्र आपण चहा पिता पिता सहज बोलून जातो.

आपल्या स्वतःच्या समाजातही पाहा. लग्नाची बोलणी निघाली की बिरादरी विचारली जाते. अमुक खानदानी, तमुक पिंजारी, तमुक कसाब, असे शब्द कोणत्या सुरात उच्चारले जातात ते मुले ऐकत असतात. जालन्याचे शब्बीर अन्सारी यांनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली, ती याच कारणाने की मशिदीच्या सफेत सगळे बरोबरीने उभे असले, तरी मशिदीबाहेर मागास बिरादऱ्यांना बरोबरी मिळत नव्हती. कोणत्याही अरबाला गैरअरबावर श्रेष्ठत्व नाही, हा निरोपाच्या हजच्या प्रवचनाचा संदेश आपण प्रत्येक जलशात ऐकतो. बिरादरीच्या बाबतीत तो लागू नाही, असे आपल्याला कोणी सांगितले?

जुने उदाहरण, आजही उपयोगी

सोळाव्या शतकात पैठणच्या संत एकनाथांनी ‘हिंदू-तुर्क संवाद’ नावाची रचना केली. त्यात एक हिंदू आणि एक मुसलमान समोरासमोर उभे राहून भांडतात. एकमेकांच्या देवाधर्मावर, खाण्यापिण्यावर, रीतिरिवाजांवर तिखट बोलतात. कोणी कोणाला सोडत नाही. आणि शेवटी दोघे समजून घेतात आणि एकमेकांना आलिंगन देतात. आम्हाला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. दोघांनी आपल्या मनातले सगळे बोलले, पण ते एकमेकांच्या तोंडावर बोलले. आपापल्या आळीत बसून नव्हे. समोर बोललेल्या शब्दाला उत्तर मिळते आणि गैरसमज दुरुस्त होतो. पाठीमागे बोललेल्या शब्दाला उत्तर देणारा कोणी नसतो, म्हणून तो वाढतच जातो.

जुन्या मराठीत मुसलमानांना ‘अविंध’ म्हणत, म्हणजे ज्याचे कान टोचलेले नाहीत असा. श्रीगोंद्याचे मराठी संतकवी शेख महंमद यांनी हा शब्द स्वतःसाठी आपण होऊन वापरला आणि मराठीतच आपले अध्यात्म मांडले. दुसऱ्याने वेगळेपणासाठी वापरलेले नाव त्यांनी ओळख म्हणून स्वीकारले आणि त्याचा बोचरेपणाच काढून घेतला.

तक्रार करावी, पण नेमकी

वर जे लिहिले त्यावरून कोणी असा अर्थ काढू नये की आपल्यावर होणाऱ्या अन्यायाबद्दल गप्प बसावे. जिल्ह्याच्या ठिकाणी शिकायला गेलेल्या मुलाला नाव विचारून ‘खोली गेली’ असे सांगितले जाते, आणि तासाभराने त्याच्याच वर्गमित्राला तीच खोली मिळते. हा उघड भेदभाव आहे आणि त्याला भेदभावच म्हटले पाहिजे.

येथेही शब्द सांभाळून वापरावेत. तअस्सुब किंवा पूर्वग्रह मनात असतो. भेदभाव हा कृतीत असतो. मनात काय आहे हे अल्लाह जाणतो. कृती मात्र आपण दाखवू शकतो. कायदासुद्धा कृतीलाच हात घालू शकतो. आपल्या संविधानाचे १५ वे कलम धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभाव करायला मनाई करते. ते राज्याला बांधते आणि दुकाने, उपाहारगृहे, सार्वजनिक विहिरी अशा ठिकाणच्या अटकावालाही मनाई करते. म्हणून तक्रार करताना ‘हे लोक मुतअस्सिब आहेत’ असे लिहिण्यापेक्षा कोणी, कोणत्या तारखेला, काय म्हटले, काय नाकारले आणि तेच दुसऱ्या कोणाला दिले, हे लिहावे. अशा अर्जाला उत्तर द्यावेच लागते. मोघम आरोपाकडे दुर्लक्ष करणे सोपे असते.

तसेच, शब्द उधळूही नये. मुलाला गणितात कमी गुण मिळाले, तर आधी उत्तरपत्रिका पाहावी. शिक्षक तअस्सुब बाळगतात असे त्याच्यासमोर बोललो, तर मुलगा गणित शिकायचे सोडून देतो, कारण त्याला वाटते की अभ्यास करून उपयोग नाही. खोट्या जागी वापरलेला खरा शब्द खऱ्या जागी कमजोर पडतो.

घरात काय करावे?

कोणतेही मत बोलून दाखवण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. पहिला, हेच काम आपल्या माणसाने केले असते तर आपण कोणता शब्द वापरला असता? दुसरा, ज्यांच्याविषयी आपण बोलतो आहोत, त्यांतील किती जणांना आपण नावानिशी ओळखतो? तिसरा, आपला माणूस चुकला आहे हे उद्या सिद्ध झाले, तर आपण कोठे उभे राहू? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना तुअमाचे घराणे आठवावे.

मुलांच्या बाबतीत एका वाक्याकडे लक्ष ठेवावे. “वो लोग ऐसेच रहते.” हे वाक्य मूल शाळेत शिकत नाही, स्वयंपाकघरात आणि बैठकीत शिकते. मूल असे बोलले तर त्याला रागावू नये. ‘कोण लोक? कोणी काय केले? नाव काय त्याचे?’ एवढे विचारावे. ‘वो लोग’ची जागा एका माणसाच्या नावाने घेतली की तक्रार एका माणसापुरती राहते आणि ती मिटवताही येते. बाहेरून कोणी मुलाला धर्मावरून टोचून बोलले, तर आधी त्याचे पूर्ण ऐकून घ्यावे. त्याला झालेले दुःख खरे आहे हे मान्य करावे. गरज असेल तर शाळेत जाऊन शांतपणे बोलावे. पण त्याच्या दुखऱ्या मनात सगळ्या समाजाविषयी विष घालू नये. टोचणाऱ्या मुलाच्या शेजारी बसून डबा खाणारा दुसरा मित्रही त्याच समाजातला असतो, हे त्याला आठवून द्यावे.

सूरह हुजुरातच्या ११ ते १३ या तीन आयती घरात एकत्र बसून अर्थासह वाचाव्यात. आधी एकमेकांची थट्टा करू नका, टोपणनावे ठेवू नका, असे सांगितले आहे. मग संशय, दुसऱ्याच्या खोड्या शोधणे आणि पाठीमागे निंदा करणे यांना मनाई आहे. आणि त्यानंतर लगेच सांगितले आहे की सर्व मानवजात एका पुरुषापासून आणि एका स्त्रीपासून निर्माण झाली, आणि वंश-कबिले यासाठी केले की तुम्ही एकमेकांना ओळखावे. या ओळखण्यासाठी जो अरबी शब्द तेथे आला आहे, त्याच मुळापासून आपला ‘तआरुफ’ हा शब्द आहे. नवा माणूस भेटला की आपण त्याचा तआरुफ विचारतोच.

तअस्सुब म्हणजे आपल्यातच गुंडाळून बसणे आणि तआरुफ म्हणजे दुसऱ्याला ओळखणे. मुकुटबनच्या आठवडी बाजारात भाजी घेताना समोरच्या कोलाम बाईला तिच्या भाषेत पाणी काय म्हणतात हे विचारले, तरी तआरुफाची सुरुवात झाली. शेजारच्या तेलुगू कुटुंबाला ईदचा शीरखुर्मा दिला आणि त्यांच्या सणाला त्यांच्या दारी गेलो, तरी झाली. आपल्याविषयी कोणाच्या मनात काय आहे, हे एका दिवसात बदलणे आपल्या हातात नाही. त्याच्यासाठी आपले दार उघडे ठेवणे मात्र आपल्याच हातात आहे.

अल्लाहतआला आपल्याला प्रेमातही न्याय आणि रागातही न्याय सांभाळण्याची तौफीक देवो. आमीन.